जलसेवाखंड निवेदन

पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कना ऑफिसात सगळे अनुस्वारराव म्हणत. समोर कोणी म्हणत नसे, पण पाठीमागे म्हणताना आवाजही कोणी फारसा खाली आणत नसे. फायलीत जाणाऱ्या प्रत्येक कागदावरून त्यांचं लाल पेन फिरत असे, आणि ते पेन माणूस बघत नसे. एकदा साहेबांनी त्यांची रजा नाकारल्याची चिठ्ठी पाठवली, तेव्हा त्यांनी ती आधी शुद्ध केली, मग वाचली, आणि मग त्यांना वाईट वाटलं.

त्यामुळे खात्याचं नवं संकेतस्थळ करायचं ठरलं तेव्हा त्यावरचा मजकूर कोणी लिहायचा, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. रंग आणि बटणं एका कंपनीने आणली, शब्द अनुस्वाररावांनी आणले. आठ महिने खपून त्यांनी छत्तीस पानं लिहिली. सरकारी कागदाला शोभेल अशी, कडक इस्त्रीची भाषा. एका पानावर 'तदनुषंगाने' हा शब्द त्यांनी इतक्या बेमालूम बसवला होता की तो परत परत वाचायला ते जेवणाच्या सुट्टीत एकटेच संगणकापाशी जात.

पहिल्या तारखेला संकेतस्थळ सुरू व्हायचं होतं, आणि त्याच दिवशी ऑफिसातली तक्रारींची खिडकी बंद व्हायची होती. त्या खिडकीमागे सोळा वर्षं बसलेल्या बाईंची बदली तळघरात, जुन्या नकाशांच्या कपाटांकडे झाली होती. अनुस्वाररावांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. सुधारणा म्हटली की कोणाला तरी तळघरात जावंच लागतं, असं ते म्हणाले होते. बाईंना ऐकू जाणार नाही इतपत लांबून.

एवढ्यात वरच्या कार्यालयातून एक नमुना आला. 'वापरसुलभता पडताळणी'. खात्याबाहेरच्या चार आणि खात्यातल्या एका माणसाला संकेतस्थळावर एक साधं काम करायला द्यायचं, शेजारी गप्प बसून बघायचं, आणि जमलं की नाही ते लिहायचं. साहेबांनी तो कागद अनुस्वाररावांपुढे सरकवला आणि पाच नावं घाला, पाचही ठिकाणी 'सुलभ' लिहा, जेवणाआधी आणून द्या, असं सांगितलं.

आता घडलं नाही ते घडलं म्हणून लिहायचं, हे अनुस्वाररावांना सत्तावीस वर्षांत जमलेलं नव्हतं. त्यांच्या बढत्या त्यामुळेच उशिरा झाल्या, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. शिवाय मनात एक छोटी हौसही होती. आपण लिहिलेलं वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे बघायला कोणाला आवडणार नाही? पडताळणी खरीच करतो, असं ते म्हणाले. साहेबांनी कपाळावर हात ठेवला, पण तो त्यांचा हात बहुतेक वेळा तिथेच असे.

पडताळणीसाठी लॅपटॉप घरी न्यायची परवानगी लागत होती. ती तीन सह्यांवर मिळाली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कागद नीट वाचला आणि सांगितलं की परवानगी लॅपटॉपची आहे, चार्जरचा यात उल्लेख नाही. चार्जर दुसऱ्या रजिस्टरमध्ये होता. त्याची परवानगी आणखी दोन दिवसांनी आली, आणि त्या कागदावर लॅपटॉपचा उल्लेख नव्हता. दोन्ही कागद एकत्र वाचायचे, हे पहारेकऱ्याला पटवायला अर्धा तास गेला. परवानगीचे दोन्ही कागद अनुस्वाररावांनी स्वतःच लिहिलेले असल्यामुळे चिडायलाही कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि नियम मोठ्याने वाचले. निरीक्षकाने मदत करू नये. खूण करू नये. सुस्कारा टाकू नये. नातेवाईक चालणार नाहीत, असंही एक कलम होतं. ते ऐकून बायको म्हणाली की तिला कोणी विचारलेलंच नाही, आणि आत गेली.

काम अगदी साधं होतं. सकाळपासून घरात पाणी आलेलं नाही असं समजा, आणि तशी तक्रार नोंदवा.

पहिले आले तळमजल्यावरचे मॅनेजर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि समोर येईल त्या गोष्टीवर सल्ला देणं हे आपलं कर्तव्य समजत. त्यांनी चष्मा बदलला, खुर्ची पुढे ओढली, आणि तक्रारीकडे ढुंकूनही न बघता 'खात्याविषयी' हे पान उघडलं. निळा रंग फार निळा आहे. साहेबांच्या फोटोत टाय वाकडा आहे. बँकेत असताना आम्ही असा फोटो परत पाठवला असता. चाळीस मिनिटं हे चाललं. अनुस्वारराव जीभ दाताखाली धरून बसले होते. शेवटी मॅनेजर समाधानाने उठले आणि वापरायला एकदम सोपं आहे म्हणाले. तक्रार नोंदवली का, असं अनुस्वाररावांनी विचारलं, तेव्हा ते चकित झाले. त्यांच्याकडे तर सकाळी पाणी भरपूर आलं होतं.

अनुस्वाररावांनी वहीत लिहिलं: नागरिक क्रमांक एक, कार्य अपूर्ण, हेतूचा अभाव.

दुसरे आले कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. गळ्यात टेप तशीच. मास्तर कमी बोलणारे आणि जास्त मोजणारे. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत नजरेने मापून घेतलं. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'जलसेवाखंड निवेदन'. पाणी येत नसल्याची तक्रार करायची ती तिथेच. अनुस्वाररावांचा जीव भांड्यात पडला.

मास्तरांनी बराच विचार करून विचारलं, "हा कितवा खंड?"

अनुस्वाररावांनी ओठ घट्ट मिटले. मास्तरांनी पहिला खंड इकडेतिकडे शोधला, मिळाला नाही, आणि आपलं काम वाचनालयात नाही अशी खात्री पटल्यावर ते वरच्या शोधाच्या चौकटीकडे वळले. तिथे एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी लिहिलं: पाणी.

संकेतस्थळाने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: 'पाणी' उपलब्ध नाही.

मास्तरांचा चेहरा उजळला.

"बघा," ते म्हणाले, "नुसतं नाव काढलं तर कळलं यांना. मला वाटलं होतं सगळं सांगत बसावं लागेल."

आणि तक्रार नोंदवून झाल्याच्या आनंदात ते उठून, टेप सारखी करत, दुकानात निघून गेले.

अनुस्वारराव त्या ओळीकडे बघत राहिले. नियमात बसत नसतानाही त्यांनी स्वतः ती चौकट तपासली. मास्तरांनी लिहिलेला शब्द शुद्ध होता, णी दीर्घ होती. संकेतस्थळही खोटं बोलत नव्हतं. छत्तीस पानांत तो शब्द एकदाही आलेला नव्हता. जल होतं, जलसंयोग होता, जलदाब होता, जलमापक होता. पाणीपुरवठा खात्याच्या संकेतस्थळावर पाणी म्हणून कुठे नव्हतं.

जेवताना त्यांनी घास नुसताच फिरवला. बायकोने काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं आणि वर हेही सांगितलं की शासकीय लेखनात 'जल' हाच शब्द योग्य आहे, लोकांना सवय नाही एवढंच.

ती म्हणाली, "अहो, लग्नाला चोवीस वर्षं झाली. रोज जेवताना तुम्ही माझ्याकडे पाणी मागता. एकदा तरी जल मागितलंत का?"

तिने पेला भरून पुढे ठेवला. ते पाणी प्यायले.

संध्याकाळी तिसऱ्या आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरबाई. त्यांचा दवाखानाही तिथेच होता. दोन रोग्यांच्या मधल्या दहा मिनिटांत त्या धावत खाली आल्या होत्या, आणि त्यांची बोटंही त्याच वेगाने चालत होती. त्यांनी पान उघडलं, डोळे फिरवले आणि 'जलसंयोग विच्छेदन' या बटणावर बोट आणलं.

आता विच्छेदन म्हणजे तोडणं. नळ कायमचा तोडून घ्यायचा असेल, तर त्यासाठी ते बटण होतं. पण डॉक्टरबाईंना वाटलं, आपलं पाणी तुटलंय, तेच हे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. अनुस्वाररावांनी ते बोट बटणाकडे जाताना बघितलं. त्यांच्या घशापर्यंत शब्द आला. पण मदत करू नये, खूण करू नये. आणि संकेतस्थळ अजून चाचणीत आहे, इथलं काही खरं होत नाही, असं कंपनीने छातीठोकपणे सांगितलं होतं. ते गप्प बसले. डॉक्टरबाईंनी पत्ता भरला, 'अर्जदारास परिणामांची जाणीव आहे' यापुढे खूण केली, अर्ज पाठवला आणि तीन मिनिटांत उठल्या. झालं की, म्हणाल्या, किती सोपं. आणि पुढच्या रोग्याकडे पळाल्या.

पाणी न आल्याची तक्रार सुटायला खात्यात अकरा दिवस लागत. पाणी तोडण्याची सेवा मात्र तत्पर होती, आणि चाचणीतला अर्जही, कंपनी काही म्हणो, खात्यात खराच पोचला होता. मंगळवारी दुपारी फिटर आला, त्याने पाना लावला, आणि इमारतीच्या मुख्य नळाचं तोंड बंद केलं. कारण जोडणी घराघराची वेगळी नव्हती, सगळ्या इमारतीची एकच होती.

अनुस्वारराव ऑफिसातून आले तेव्हा जिन्यात सगळे जमले होते. डॉक्टरबाईंचा एक रोगी गळ्यात कागदी रुमाल अडकवून पायरीवर बसला होता. त्याला चूळ भरायची होती आणि तोंड बधिर असल्यामुळे ते सांगताही येत नव्हतं. फिटर अजून तिथेच होता, कारण मॅनेजरांनी त्याला जाऊ दिलं नव्हतं. त्याने अदबीने छापील कागद पुढे केला. अर्जदाराच्या स्वेच्छेनुसार जलसंयोग विच्छेदित करण्यात येत आहे.

"कागद आपल्याच खात्याचा आहे, साहेब," तो म्हणाला. "मी तिसऱ्यांदा वाचला तेव्हा कळला. नाहीतर सकाळीच आलो असतो."

सगळ्यांनी अनुस्वाररावांकडे बघितलं. डॉक्टरबाईंना सगळं उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी एवढंच विचारलं की मी ते बटण दाबलं तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात ना. अनुस्वारराव नियम सांगू लागले, मदत करू नये, खूण करू नये. पायरीवरच्या रोग्याने तेवढ्यात काहीतरी म्हटलं. ते कोणाला समजलं नाही, पण त्याचा सूर सगळ्यांना समजला.

फिटरला नळ लगेच जोडून देता येत नव्हता. तोडायला कागद लागतो तसा जोडायलाही लागतो, आणि तो संकेतस्थळावर भरायचा. मग काय, लॅपटॉप जिन्यातच आणला गेला. मॅनेजरांनी धरायला हात दिला. ज्याने लिहिलंय त्यालाच सापडणार, असं सगळ्यांना वाटत होतं, आणि सगळ्यात जास्त अनुस्वाररावांना.

'पुनर्संयोग' हे पान त्यांना सापडलं, पण चौथ्या प्रयत्नाला. आपण ते 'संकीर्ण'मध्ये ठेवलं होतं, हे ते विसरले होते. पुढे विच्छेदनाचं कारण निवडायचं होतं. कारणं तीन होती: स्थलांतर, इमारतीचे पाडकाम, मालकाचे निधन. चुकून तोडलं, असं कारण नव्हतं. माणूस चुकू शकतो, हे मजकूर लिहिताना त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅनेजरांनी सल्ला दिला की निधन टाका, त्याला कोणी फार प्रश्न विचारत नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच, घडलं नाही ते घडलं म्हणत, अनुस्वाररावांनी निधन निवडलं. तेव्हा संकेतस्थळाने सोसायटीच्या अध्यक्षांच्या मृत्यूचा दाखला मागितला. मॅनेजरांनी लॅपटॉपला दिलेला हात काढून घेतला.

ती संध्याकाळ त्या इमारतीने कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांच्या नळावर काढली. मास्तर सगळ्यांना बादल्या भरून देत होते आणि सांगत होते की मी रविवारीच तक्रार केली होती. अनुस्वारराव दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन जिना चढले, दोनदा स्वतःसाठी आणि चारदा डॉक्टरबाईंसाठी. त्यांना कोणी चढा म्हटलं नव्हतं. कोणी नको असंही म्हटलं नाही.

बुधवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर ते हेडक्लार्क म्हणून आपल्या टेबलाकडे गेले नाहीत. ते तक्रारींच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. नंबर एकोणिसावा होता. मधून पुढे जायची त्यांची हिंमत झाली नाही.

सत्तावीस वर्षांत ते खिडकीच्या या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. इथून सगळं ऐकू येत होतं. एक बाई सांगत होती की नळ आधी खोकतो आणि मग थुंकतो. एका माणसाकडे पाणी यायचं, पण ते 'जिवावर आल्यासारखं' यायचं. एका मुलीच्या घरी पाणी लोखंडाच्या चवीचं होतं. एका म्हातारीला नेमकं काय झालंय हे सांगताच येत नव्हतं. ती नुसती, आमच्याकडे तसं होतंय, असं म्हणत होती, आणि खिडकीमागच्या बाई विचारत होत्या, वरच्या टाकीपर्यंत चढत नाही का, आजी? आणि म्हातारी मान हलवत होती. प्रत्येकाचं ऐकून बाई कागदावर खात्याच्या भाषेत लिहीत. जलदाब अपुरा. जलसेवाखंड. जलगुणवत्ता सदोष. अनुस्वाररावांचे सगळे शब्द तिथे होते. ते लोकांना कळत होते असं नाही. मध्ये बाई बसल्या होत्या, म्हणून चाललं होतं.

त्यांचा नंबर आला. बाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, काय तक्रार आहे?

बोलताना त्यांना जरा अडखळायला झालं. "आमच्या इमारतीचं पाणी चुकून तोडलंय," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

बाईंनी कागदावर तीन ओळी लिहिल्या. कारणाच्या जागी तिन्ही पर्याय खोडून हाताने लिहिलं, 'चूक'. शिक्का मारला, फिटरला फोन लावला, त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि अकरापर्यंत जोडून होईल असं सांगितलं. चार मिनिटं लागली. अनुस्वाररावांनी घड्याळ लावूनच ठेवलं होतं, पडताळणीची सवय म्हणून. जाताना त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागचा माणूस पुढे सरकला होता.

त्या दुपारी त्यांनी अहवाल लिहायला घेतला. नागरिक क्रमांक एक, अयशस्वी. दोन, अयशस्वी, परंतु समाधानी. तीन, यशस्वी, परंतु भलत्याच कामात. चौथं नाव कोणाचं घालायचं? इमारतीत आता त्यांच्या टेबलाशी बसायला कोणी तयार नव्हतं. पाचवा खात्यातला हवा होता, चौथा बाहेरचा. त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि चौथ्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. पुढे लिहिलं: रांगेतील नागरिक, लेखक असूनही अयशस्वी.

साहेबांनी तो कागद वाचून घडी केला. हा वर गेला तर काय होईल, हे त्यांनी अनुस्वाररावांना हळू आवाजात समजावून सांगितलं. संकेतस्थळ लांबेल, खिडकी चालू राहील, वरून विचारणा होईल, आणि विचारणा आली की मजकूर कोणाचा, हा पहिला प्रश्न असेल. अनुस्वारराव म्हणाले, माझा. मग साहेबांनी दुसरा मार्ग काढून बघितला. पाच जण भरलेले नाहीत, चारच आहेत, म्हणजे पडताळणीच अपुरी आहे.

"पाचवे आपण व्हा," अनुस्वारराव म्हणाले. "खात्यातला एक लागतोच. मी शेजारी गप्प बसतो."

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. संकेतस्थळ सोपं आहे असं आठ महिने तेच सगळीकडे सांगत होते. त्यांनी बाह्या सावरल्या. पहिल्यांदा स्वतःचा फोटो बघितला. मग जलसंयोग, जलमापक, संकीर्ण असे फिरत फिरत ते परत फोटोपाशी आले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. अनुस्वाररावांनी सुस्कारा टाकला नाही. दहाव्या मिनिटाला साहेबांच्या कपाळावर घाम आला. बाराव्या मिनिटाला त्यांनी मान वर केली आणि दाराकडे बघून, रोजच्या सवयीने, हाक मारली.

"बाई, जरा इकडे या हो. हे तेवढं करून द्या."

हाक मारून झाल्यावर ती त्यांची त्यांनाच ऐकू आली. मग त्यांनी अहवाल स्वतःकडे ओढला, पाचव्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'अयशस्वी' लिहिलं आणि खाली सही केली. 'अयशस्वी'मधली वेलांटी चुकली होती. त्या दिवशी ती कोणी दुरुस्त केली नाही.

विचारणा आली. अनुस्वाररावांना लेखी खुलासा द्यावा लागला आणि तो त्यांनी दिला, अवघा सहा ओळींचा. संकेतस्थळ तीन महिने लांबलं. बाईंची बदली तळघराऐवजी अनुस्वाररावांच्या टेबलाशेजारी झाली, सकाळी खिडकी आणि दुपारी मजकूर. त्या सांगायच्या, लोक असं म्हणतात, आणि हे लिहायचे. पहिल्या आठवड्यात भांडणंच झाली. 'नळ खोकतो' हे शासकीय संकेतस्थळावर जाणार नाही, असं अनुस्वारराव म्हणाले, आणि दोन दिवस त्यांनी ते अडवून धरलं. बाईंनी त्यांना फक्त दोन तास खिडकीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी 'नळ खोकतो' हे बटण झालं. 'तदनुषंगाने' काढलं त्या दिवशी बाईंनी त्यांना स्वतःच्या डब्यातलं दिलं.

नव्या पडताळणीला टेलरमास्तर परत बसले आणि त्यांची तक्रार या वेळी खरोखर नोंदली गेली. मॅनेजरांनी निळा रंग अजूनही जास्त निळा ठरवला. डॉक्टरबाई यायला तयार नव्हत्या. मग एक दिवस आपणहून आल्या, हात पाठीमागे बांधून आधी सगळं वाचलं आणि मगच बटण दाबलं.

संकेतस्थळ सुरू झालं. खिडकीवरची रांग एकोणीसवरून चारपाचवर आली. खिडकी आठवड्यातून तीनच दिवस उघडी ठेवायचं ठरलं, आणि ते कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. अशाच एका सकाळी अनुस्वारराव बाईंच्या जागी बसले होते. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, खिडकीशी वाकले आणि सांगू लागले की काल त्यांच्याकडे पाणी आलं नव्हतं, म्हणून त्यांनी घरीच संगणकावर तक्रार केली, सगळं एकट्याने केलं, कोणाला विचारावं लागलं नाही, दोन मिनिटं लागली, आणि आज सकाळी पाणी आलंसुद्धा.

अनुस्वाररावांनी विचारलं, मग आज काय काम काढलंत, आजोबा?

"काम काही नाही," ते म्हणाले. "हे सांगायचं होतं. त्याला बटण नव्हतं."

अनुस्वाररावांनी आतून खुर्ची काढली, खिडकीच्या बाहेर नेऊन ठेवली आणि त्यांना बसायला सांगितलं. रांगेत मागे कोणी नव्हतं. आजोबा बसले, आणि कालपासूनची सगळी हकिगत त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतली.